रांगत्या लेकीसाठी घर आवरताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेक पोटावर सरकत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचली हे वाचून फार आनंद झाला. कोपऱ्यांना लावायच्या फोमच्या पट्ट्यांपासून सॉकेटच्या झाकणांपर्यंत जी लांबलचक खरेदीची यादी तू सोबत पाठवली आहेस, ती वाईट नाही. पण तिचा क्रम मला पटत नाही. टेबलाचा कोपरा लागून आलेले टेंगूळ दोन दिवसांत उतरते. ज्या गोष्टी आवाज न करता, काही मिनिटांत घडतात आणि ज्यांची भरपाई पुढे होत नाही, त्यांचा बंदोबस्त आधी करावा, असे माझे मत आहे. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक कामांना फारसे काही विकत आणावे लागत नाही.

पहिला मान पाण्याचा. या वयाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीच्या काठाला धरून आत वाकलेले मूल तोल जाऊन डोक्यावर आत पडते आणि त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. पाण्याच्या वजनामुळे बादलीही कलंडत नाही. पाच सेंटिमीटर पाणीदेखील जिवावर बेतू शकते. बुडणारे मूल ओरडेल, हातपाय आपटेल आणि आपल्याला ऐकू येईल, हा समज तर मनातून काढूनच टाक, कारण हे सगळे बहुधा निमूटपणे घडते. म्हणून वापर झाला की बादली रिकामी करून पालथी घालावी आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, तिचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी बसवावी. आंघोळ घालताना दाराची घंटा वाजलीच, तर तिला टॉवेलात गुंडाळून सोबत घेऊन जावे, नाहीतर घंटा वाजू द्यावी.

दुसरी गोष्ट तुझ्या यादीत अजिबात नाही, आणि मला सर्वांत जास्त धास्ती तिचीच वाटते: बटणासारखी चपटी बॅटरी. रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली, गाणारी खेळणी अशा अनेक ठिकाणी ती असते. सुमारे 20 मिलिमीटर व्यासाची लिथियमची बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत सहज अडकते; ओलसर भागाला टेकल्यावर तिच्यातून वीज वाहते, तेथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत खोलवर भाजू शकते. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेल्या बॅटरीतही एवढे करण्याइतकी शक्ती उरलेली असते. मूल लाळ गाळते, खात नाही, खोकते, आणि आपण सर्दी समजून बसतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता तडक रुग्णालय गाठावे आणि एक्स-रे काढून घ्यावा. आज रात्रीच घरातली अशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहा: बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे की नखाने उघडते? नखाने उघडणारे सगळे वर, कुलपात. लहान लोहचुंबकांनाही हाच न्याय लाव. एकाहून अधिक पोटात गेले, तर आतड्यांच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात. बाकी बारीकसारीक वस्तूंसाठी सोपी कसोटी आहे: टॉयलेट पेपर संपल्यावर पुठ्ठ्याची जी नळी उरते, तिच्यातून आरपार जाणारी वस्तू जमिनीवर नको.

खणांचे कपाट भिंतीला पट्टीने जखडून घे. मुले खालचा खण ओढतात, त्यावर पाय ठेवतात, मग त्याच्या वरचा ओढतात. तिसऱ्या खणापर्यंत सगळा भार पुढे आलेला असतो आणि कपाट अंगावर येते. टीव्हीचेही तेच. कपाटाच्या माथ्यावर तिचे आवडते खेळणे ठेवणे म्हणजे तिला वर चढण्याचे आमंत्रणच. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचे फास होतात, त्या उंच बांधून टाक.

गीझरचे तापमान 50 अंशांच्या आसपास आण, कारण 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजते. टेबलक्लॉथ तूर्तास काढून ठेवलेला बरा. ती त्याला धरून उभी राहायला बघेल आणि वरचा गरम कप तिच्या अंगावर येईल.

जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीत स्क्रूने बसवलेलेच फाटक लाव. नुसत्या दाबावर टिकणारे फाटक तेथे उपयोगाचे नाही. सॉकेटची सुटी झाकणे घेऊ नकोस. ती निघतात आणि तोंडात जातात. आतून पडदी असलेले सॉकेट बसवून घेणे उत्तम. वॉकर मात्र यादीतून खोडून टाक. त्याने मूल लवकर चालू लागत नाही, उलट आपण हात पुढे करेपर्यंत ते जिन्यापाशी पोहोचलेले असते. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, आणि इतर देशांनी ते अजून का केले नाही याचे मला नवल वाटते.

फोमच्या पट्ट्या हव्या तर आण; लेक त्या पहिल्याच दिवशी उपटून चघळेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पुढच्या महिन्यात काका-काकू तुमच्याकडे राहायला येणार आहेत, म्हणून औषधांचेही लिहितो. रोजच्या गोळ्या त्यांच्या पिशवीत किंवा उशाशी असणार, म्हणजे नेमक्या तिच्या उंचीवर. मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून बनवलेल्या झाकणांवर विसंबू नकोस. त्यांच्या चाचणीतच काही टक्के मुलांनी ती उघडणे मान्य केलेले असते. काकांना आल्या आल्याच उंचावरचा एक खण मोकळा करून दे आणि गोळ्यांची पिशवी तेथेच ठेवायला सांग. तू सांगितलेस तर ते कुरकुरतील. नातीसाठी आहे असे वहिनींनी सांगितले, तर लगेच ऐकतील.

वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझा,
मनोहर