गाण्यासोबत अल्बमही सांगा

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी कंट्री संगीतावरचा लेख आवडला. या संगीतावर मराठी वृत्तपत्रांत इतक्या आपुलकीने क्वचितच लिहिले जाते. मात्र गायक-गीतकार विली नेल्सन यांच्या ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ची त्यात हळुवार प्रेमगीत म्हणून बोळवण केली आहे, ते पटले नाही. हे गाणे ज्या अल्बममधले आहे त्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’चा (१९७५) लेखात साधा उल्लेखही नाही. त्या अल्बममध्ये ऐकले तर गाण्याचा अर्थच पालटतो.

हा अल्बम म्हणजे एक सलग कथा आहे. एका धर्मोपदेशकाची बायको त्याला सोडून जाते. तो तिचा माग काढत गुत्त्यात पोहोचतो आणि तिला व तिच्या प्रियकराला गोळ्या घालतो. त्यानंतर लगेच हे गाणे सुरू होते. ज्या निळ्या डोळ्यांसाठी तो झुरतो आहे, ते त्यानेच कायमचे मिटवलेले असतात! नेल्सन तरीही आवाज चढवत नाहीत, हुंदका काढत नाहीत. नायलॉनच्या तारांची गिटार मध्ये थोडी बोलते, बस्स. मूळ गाणे फ्रेड रोझ यांचे. रॉय अकफ यांनी ते १९४०च्या दशकातच गायले होते आणि तेव्हा ते विरहगीतच होते. त्याला या कथेत नेमकी ही जागा देणे, ही नेल्सन यांची प्रतिभा.

कीर्तनातल्या ध्रुपदासारखी ‘टाइम ऑफ द प्रीचर’ची चाल अल्बममध्ये पुन्हा पुन्हा येते आणि कथेचा धागा सुटू देत नाही. वाद्ये मोजकीच, बहीण बॉबी यांचा पियानो आणि मिकी राफाएल यांचा माउथ ऑर्गन मला विशेष भावतो. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये त्या काळी व्हायोलिनचा ताफा आणि कोरस यांची चलती होती. टेक्सासमधल्या गार्लंड इथे ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम ऐकून कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो कच्चा नमुनाच वाटला. पण अंतिम शब्द नेल्सन यांचा, असे करारातच होते. म्हणून त्यावर साज चढला नाही. इतरांसाठी गाजलेली गाणी लिहिणाऱ्या या माणसाला गायक म्हणून लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला तो याच गाण्याने, वयाच्या ४२व्या वर्षी.

आज मोबाइलवर गाणी सुटी, वाटेल त्या क्रमाने वाजतात. त्यामुळे नव्या श्रोत्याला ही कथा आपोआप सापडणार नाही. ती त्याला कोणीतरी सांगायला हवी, आणि ते काम आपली पुरवणी उत्तम करू शकेल. यापुढे अशा लेखांत गाण्याच्या नावापुढे अल्बमचे नाव व वर्ष छापावे. ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’वर तर स्वतंत्र लेखच यावा, अशी आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली