फ्लूच्या लसीची सक्ती करण्याआधी

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हा मी नोकरीत नवी होते. रुग्णालयातल्या सगळ्यांना फ्लूची लस सक्तीची करा, ही मागणी तेव्हापासून अधूनमधून ऐकते आहे. मी स्वतः लस घेते. तरीही सक्तीचा जीआर इतक्यात काढू नका.

मागे एका पावसाळ्यात डायलिसिस वॉर्डातल्या सिस्टरला ताप होता. तिच्या जागी यायला रिलीव्हर नव्हती. पॅरासिटामॉल घेऊन, मास्क लावून तिने नाइट काढली. त्याच आठवड्यात दोन पेशंट तापाने फणफणले. तिच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून फ्लू पसरतो, म्हणजे नुसत्या मास्कवर आणि रजेवर भागत नाही. लस हवीच.

पण ती येते कधी? गेल्या वर्षी आमच्याकडे ऑगस्ट अर्धा सरल्यावर आली. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, तोवर साथ ओसरायला लागलेली. डोस मोजके, यादीत फक्त कायम कर्मचारी. पेशंटची उलटी काढणारी, चादर बदलणारी कंत्राटी मावशी यादीत नाही. बाहेर ही लस दीड-दोन हजारांना पडते. तिने ती कुठल्या पगारातून घ्यायची?

नको म्हणणारेही आहेत. आमचे एक ब्रदर म्हणतात, ‘लस घेतली नि फ्लूच झाला.’ टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, एखादा दिवस कणकण येते, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नाही. लस त्या वर्षीच्या विषाणूशी नीट जुळली तरी ती धोका साधारण निम्म्यावर आणते, त्याहून फार जास्त नाही, हेही सांगायला हवं. दुपारी पाळी बदलताना, पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना दहा मिनिटं पुरतात.

शिवाय कोविडच्या लसीबद्दलचा 2 मे 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहेच: लस बळजबरीने टोचता येत नाही, सार्वजनिक हितासाठी प्रमाणात निर्बंध मात्र घालता येतात. तेवढेच घाला. मे संपायच्या आत, तिन्ही पाळ्यांत, वॉर्डात येऊन, कंत्राटींसकट सगळ्यांना लस द्या. नको असेल त्याने तसं लिहून द्यावं, आणि साथीच्या दिवसांत त्याला डायलिसिस, कॅन्सर आणि नवजात बाळांच्या कक्षात ड्युटी लावू नये. ही सक्ती वाटली तर वाटू दे. आणि ताप आला तर कंत्राटी माणसालाही पगारी रजा हवी, नाहीतर तो ताप लपवणारच.

यंदाच्या डोसची मागणी आम्ही मार्चमध्येच वर पाठवली आहे, मावशींच्या नावांसकट.

आपली,
एक अधिपरिचारिका