हलशीच्या अज्जांना, मनापासून

आदरणीय अज्जा,
सादर नमस्कार.

यंदा आमच्या सातवीच्या मुलांनी कदंब राजघराणं नुसतं पाठ केलं नाही, डोळ्यांनी पाहिलं. हे तुमच्यामुळे घडलं. चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत मी इतिहास शिकवते. वर्गात दाखवण्यासाठी जुनी देवळं, शिलालेख बघत फिरायचे, पण हळेगन्नड, म्हणजे जुन्या कन्नड लिपीपाशी घोडं अडायचं. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात तुम्ही भेटलात. मी कोण, कुठली, काही न विचारता बॅटरी दगडाच्या कडेनं तिरपी धरलीत आणि झिजलेली अक्षरं एकेक करून वर आली. ही हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. इथल्या ताम्रपटांत राजा मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचं लिहिलंय, हेही तुम्हीच सांगितलंत.

पुढे देगावला राणी कमलादेवीचं कमलनारायण मंदिर दाखवलंत. पण माझ्या वर्गाला खरं वेड लावलं ते वाटेतल्या वीरगळानं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेनं. तेल-शेंदराखाली दबलेल्या त्या दगडाला आम्ही आजवर नुसता नमस्कार करत आलो. तुम्ही तो खालून वर वाचायला शिकवलात: तळाशी लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो त्याची कीर्ती. त्याचा फोटो वर्गात लावला, तर मुलांनी आपापल्या गावातले वीरगळ शोधून वहीत काढून आणले. कुणाचा तळ्याकाठचा, कुणाचा मारुतीच्या देवळामागचा. पुस्तकातल्या धड्यानं हे कधी झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, हेही मुलांना दाखवलं. रट्ट राजांच्या काळातली, 1204 सालची. किल्ल्यातले त्याच काळाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हे तुमच्याकडून ऐकलेलं मी त्यांना सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ते परत कधी आणणार?"

अज्जा, प्रवासाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर घरी नेऊन भाकरी-झुणका वाढलात. अज्जींनाही माझा नमस्कार सांगा. आता एक हक्कानं मागते. दिवाळीनंतर एक दिवस आमच्या शाळेत या. मुलांच्या वह्या तुम्हाला दाखवायच्या आहेत, आणि त्या मागच्या बाकावरच्या पोराला उत्तर तुम्हीच द्या.

आपली कृतज्ञ,
सातवीच्या वर्गाची बाई