पिवळा म्हणजे लालपेक्षा वाईट, हे कोणाला कळणार?

संपादक महोदय, नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या पेपरात पावसाचा जिल्हावार नकाशा येतो ते चांगलंच आहे, आकड्यांचा तक्ता कोण वाचत बसतंय, नकाशा मात्र चहा पिता पिता सगळे बघतात. म्हणूनच लिहितोय. त्या नकाशात पिवळा रंग म्हणजे नक्की काय हे किती वाचकांना माहीत असेल? हवामान खात्याच्या हिशेबात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त हा सगळा पाऊस सामान्य, तो हिरवा. २० ते ५९ टक्के तूट असली की लाल. आणि ६० ते ९९ टक्के तूट असली की पिवळा! म्हणजे पिवळा हा लालपेक्षा वाईट. आता इशाऱ्यांचा जो दुसरा नकाशा आपण छापता त्यात पिवळा म्हणजे जरा लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे सगळ्यात मोठा धोका. यलो अलर्ट रेड अलर्ट तर आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. मग तोच माणूस तुटीच्या नकाशात आपला जिल्हा पिवळा बघून म्हणणारच ना की चला, लाल तर नाही, थोडक्यात निभावलं. त्यात एका नकाशात लाल म्हणजे पाऊस बदाबदा आणि दुसऱ्यात लाल म्हणजे पाऊस गायब.

आकडे खात्याचेच घ्या, रंग मात्र आपले घ्यायला काय हरकत आहे? तूट वाढत जाईल तसा तपकिरी गडद होत जावा, पाऊस जास्त होईल तसा निळा गडद व्हावा, आणि मधला सामान्य भाग फिकट ठेवावा, सूची न वाचताही कळतं. लाल आणि हिरवा शेजारीशेजारी ठेवला की ज्यांना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही (यात पुरुषच जास्त असतात) त्यांना सगळा महाराष्ट्र एकसारखा दिसतो. असे रंगांचे संच तयार करून देणारी कलरब्रूअर नावाची साइट आहे, फुकट आहे, नकाशाशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंनी बनवलेली, आपल्या ग्राफिकवाल्यांना माहीत असेलच. पण आमच्या आवृत्तीत तो नकाशा बऱ्याचदा ब्लॅक अँड व्हाइट पानावर येतो आणि मग लाल काय नि हिरवा काय, दोन्ही राखाडी. तपकिरी-निळ्याचंही तिथे तेच होणार. तेव्हा अशा पानावर रंगांच्या भानगडीत न पडता जिल्ह्याच्या आत सरळ −३४, +१२ असे आकडेच टाका.

आता आमचं दुखणं सांगतो. मी माण तालुक्यातला. आमचा सातारा जिल्हा नकाशात एका रंगाचा असतो, पण या जिल्ह्यात महाबळेश्वर पण आहे जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण पण आहे जिथे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. जिल्ह्याची सरासरी काढली की महाबळेश्वर, जावळी, पाटणचा पाऊस आमचा सगळा दुष्काळ गिळून टाकतो आणि जिल्हा हिरवागार. गणित चुकलेलं नसतं, पण माणमधल्या माणसाला त्या हिरव्याचा उपयोग काय? पुणे जिल्ह्यात लोणावळा आणि इंदापूर, नाशिकमध्ये इगतपुरी आणि येवला, अहिल्यानगरमध्ये अकोले आणि जामखेड, कोल्हापुरात गगनबावडा आणि शिरोळ, घाटाला लागून असलेल्या प्रत्येक जिल्ह्याची हीच कथा. सरकार सुद्धा दुष्काळ जिल्ह्यावर नाही ठरवत. २०२३ ला आधी ४० तालुके जाहीर झाले आणि मग आरडाओरडा झाल्यावर हजारेक महसूल मंडळं (म्हणजे तालुक्यातल्या गावांचे गट) वाढवावी लागली. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या महारेन साइटवर बघायला मिळतो, कोणालाही. मग पेपरातला नकाशा अजून जिल्ह्यावरच का अडलाय?

टक्क्यांचं पण तसंच आहे. रत्नागिरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस असतो, त्यात २५ टक्के तूट म्हणजे साडेसातशे कमी, तरी दोन हजारच्या वर पडलेलाच असतो. सोलापूरची सगळी सरासरीच पाचशेच्या आसपास, तिथे २५ टक्के गेले म्हणजे ज्वारी बाजूलाच, प्यायच्या पाण्यापासून प्रश्न. नकाशात दोन्ही लाल, सारखेच लाल. टक्क्यांचा नकाशा नकोच असं नाही म्हणत, पण शेजारी छोटासा दुसरा नकाशा प्रत्यक्ष मिलिमीटरचा द्या.

पावसाचं झालं, उन्हाळ्यात टँकरचा नकाशा येतो. कुठल्या जिल्ह्यात किती टँकर चालू, त्याप्रमाणे जिल्हा गडद. अहो पण मोठ्या जिल्ह्यात टँकर जास्त असणारच की! जिल्हा रंगवायचा असेल तर दर लाख लोकांमागे किती ते काढून रंगवा, आणि नुसती संख्या दाखवायची असेल तर वर्तुळं काढा लहानमोठी. कोरोनात रोज पुणे-मुंबई गडद लाल यायचे तो हाच प्रकार. वर्तुळ काढताना चौपट आकड्याला व्यास दुप्पट करायचा, चौपट नाही, नाहीतर वर्तुळ सोळापट मोठं होतं आणि लोक उगाच घाबरतात.

आणि ते आकड्यांचे समान टप्पे पाडून रंग द्यायची सवय. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगराची लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २०,९८० आहे, मुंबई शहर १९,६५२, त्यांच्या खालोखाल ठाणे एकदम १,१५७ आणि पुणे ६०३, गडचिरोली तर ७४. सव्वाचार-सव्वाचार हजारांचे पाच टप्पे केले की मुंबईचे दोन ठिपके गडद आणि ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत उरलेला अख्खा महाराष्ट्र एकच फिकट रंग, मग नकाशा काढलाच कशाला. त्यात पालघर २०१४ चा जिल्हा, २०११ च्या जिल्हावार तक्त्यात तो नाहीच, म्हणून काही नकाशांत तो कोरा पांढरा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं तिथे शून्य आहे. माहिती नाही आणि शून्य आहे या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत, राखाडी रेघा मारा हवं तर.

निवडणुकीच्या नकाशाबद्दल थोडक्यात. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, विधानसभेच्या जागा ३. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सहाशेच्या आसपास चौरस किलोमीटर आणि जागा ३६. साधा नकाशा रंगवला की गडचिरोलीतला पक्ष राज्य जिंकल्यासारखा दिसतो आणि मुंबई दिसतच नाही. एका जागेला एक षटकोन अशी मांडणी केली की २८८ च्या २८८ जागा सारख्या दिसतात. आकार ओळखू येत नाही म्हणून लोक तक्रार करतील, करू दे, साधा नकाशा शेजारी छोटा ठेवा.

नकाशाच्या मथळ्यात तारखा पण टाकत चला. 'आतापर्यंतचा पाऊस' म्हणजे कधीपासूनचा? खात्याचा आठवडा गुरुवार ते बुधवार असतो, हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर, आणि दोन्हींचे नकाशे वेगळे निघतात, आपण कधी हा छापता कधी तो. आमच्याकडे तर परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही पडतो आणि तो या हंगामाच्या नकाशात मोजलाच जात नाही. यंदा हंगामाचा शेवटचा नकाशा छापाल तेव्हा निदान घाटाकडेचे जिल्हे तरी तालुकावार द्या, आणि ऑक्टोबरअखेर एकदा परत छापा, कारण आमच्याकडे रब्बीच्या पेरणीचा निर्णय त्याच दिवसांत होतो.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. माण, जि. सातारा