नळ विकले, गटारंही विकली

लंडन

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे पाणी खासगी कंपनीचं आहे म्हणे. बरं चालतं की वाईट?" आई फोन मागत होती, म्हणून मी "ठीक चालतं" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शिवाय फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, तेव्हा हे पत्रच बरं.

माझ्या बिलात दोन रकमा असतात. एक नळाला आलेल्या पाण्याची, दुसरी गटारात गेलेल्या पाण्याची. काही भागांत तर पाणी एका कंपनीचं आणि सांडपाणी दुसरीचं. छपरावरचं पावसाचं पाणी गटारात न जाता अंगणातच जिरत असेल तर अर्ज करून सूट मिळते. तुम्ही इथे असतात तर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकला असता. मला ते कळायला दोन वर्षं लागली. वीज, गॅस, फोन यांच्या कंपन्या आवडल्या नाहीत तर बदलता येतात. घरच्या पाण्याची कंपनी बदलता येत नाही, कारण रस्त्याखाली पाइप एकच. एक गोष्ट मात्र चांगली आहे: बिल थकलं तरी घराचं पाणी तोडायला १९९९ च्या कायद्याने बंदी आहे.

आता मूळ गोष्ट. १९८९ मध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारने इंग्लंड आणि वेल्समधली दहा सरकारी जल प्राधिकरणं शेअर बाजारात विकली. चालवायला दिली नाहीत, विकली. धरणं, पाइप, मैलापाण्याची केंद्रं, सगळं. विकण्याआधी त्यांच्यावरचं सुमारे ५ अब्ज पौंडांचं कर्ज सरकारने माफ केलं. नव्या मालकांना कोरी पाटी मिळाली. आज त्याच पाटीवर सगळ्या कंपन्यांचं मिळून ६० अब्जांहून जास्त कर्ज आहे. पैसा कामाला लागलाच नाही असं मी म्हणणार नाही. नळाचं पाणी सुधारलं, समुद्रकिनारेही पुष्कळ स्वच्छ झाले. पण हा धंदा असा की गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही आणि बिल ठरलेलं. अशा धंद्याला कोणीही खुशाल उधार देतो. कर्ज वाढत गेलं आणि लाभांशही वाटले जात राहिले. लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स वॉटरकडे सुमारे १ कोटी ६० लाख गिऱ्हाइकं आहेत आणि तीच आज कर्जापायी मेटाकुटीला आलीय. मे २०२५ मध्ये ऑफवॉट या नियामकाने तिला १२ कोटी २७ लाख पौंड दंड केला, बराचसा मैलापाण्यासाठी आणि थोडा लाभांशासाठी.

मैलापाण्याचं दुखणं जुनं आहे. इथल्या जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतात. जोराचा पाऊस झाला की घरांत उलटं पाणी येऊ नये म्हणून ते थेट नदीत सोडायची सोय केलेली. सोय अडीअडचणीसाठी होती, पण ती नेहमीची झाली. २०२३ मध्ये इंग्लंडभर मिळून अशा सोडण्याचे ३६ लाख तास भरले! लंडनखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा आता सुरू झालाय. तो आणखी एका वेगळ्या खासगी कंपनीने बांधला आणि त्याचे पैसे थेम्सच्या गिऱ्हाइकांच्या बिलातून जातात.

पण खासगी म्हणजे हेच, असं धरू नका. स्कॉटलंडने विकलंच नाही. वेल्सची कंपनी २००१ पासून भागधारकांविना चालते. फ्रान्समध्ये १८५३ पासून पाण्याच्या कंपन्या आहेत, पण तिथे पाइप बहुतेक नगरपालिकेचेच राहतात आणि कंपनीला ठरावीक वर्षांचा ठेका मिळतो. ठेका संपला की गाव मोकळं. पॅरिसने २०१० मध्ये पाणी परत घेतलं आणि पुढच्या वर्षी दर ८ टक्क्यांनी उतरवला.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते फिलिपिन्सच्या मनिलाने. १९९७ मध्ये एकाच शहराचे दोन भाग करून दोन कंपन्यांना दिले. नियम तेच, नियामक तोच. पूर्वेकडच्या कंपनीने गळती आणि चोरी मिळून निम्म्याहून जास्त वाया जाणारं पाणी दहा-पंधरा वर्षांत १२ टक्क्यांच्या आसपास आणलं. पश्चिमेची बुडाली. पश्चिमेचे लोक आळशी होते का? जुन्या सरकारी खात्याचं जवळजवळ ९० टक्के परदेशी कर्ज करारात तिच्या गळ्यात बांधलं होतं. त्याच वर्षी आशियात आर्थिक संकट आलं, तिथलं चलन पेसो घसरत निम्म्यावर आलं, आणि डॉलरमधलं कर्ज फुगत गेलं.

बोलिव्हियातलं कोचाबांबा तुम्ही ऐकलं असेल. १९९९ मध्ये ४० वर्षांचा करार झाला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बिलं भडकली, आणि लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींवरही कंपनीचा हक्क येईल अशी धास्ती बसली. लोक रस्त्यावर उतरले, सतरा वर्षांचा एक मुलगा गोळीने गेला. एप्रिल २००० मध्ये करार गुंडाळला. कंपनीने भरपाईचा दावा लावला, तो २००६ मध्ये दोन बोलिव्हियानोंवर मिटला. दोन नाणी, बाबा.

चिलीचं उलट. तिथेही खासगी कंपन्याच, पण गरीब घरांच्या बिलाचा वाटा सरकार भरतं, आणि शहरांचं मैलापाणी आता जवळपास सगळं शुद्ध होतं. म्हणून यापुढे कुठल्या देशाबद्दल विचारलंत, तर मी मालक कोण हे नंतर सांगेन. आधी सांगेन कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे आणि करार कोणी वाचला होता.

आईला सांगा, तिने पाठवलेलं पार्सल पोचलं. पावसाच्या पाण्याच्या सवलतीचा अर्ज मागच्या महिन्यात केलाय, उत्तर अजून नाही. आलं की तुम्हालाच पहिला फोन.

तुमची,
मीनल