ताईस पत्र: माशी की दुर्बीण

सातारा,
रामनवमी, ६ एप्रिल २०२५

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल अमेरिकेहून फोनवर तू विचारलंस, "आई, नेमबाजीच्या शिबिराला पीपची रायफल नेऊ की स्कोपची?" आणि नेमकी तेव्हाच आजीला वॉकर धरून उठवायची वेळ झाली. "लिहून कळवते" म्हणून मी फोन ठेवला. आता आजी सुंठवडा खाऊन झोपली आहे, समोर अजिंक्यतारा उन्हात तापलाय आणि मला तासभर मोकळा मिळालाय. लिहून झालं की पानांचे फोटो पाठवते. माझं अक्षर लागलं नाही तर बाबांकडून वाचून घे.

तुला स्कोपची, म्हणजे दुर्बीण बसवलेली, हवी आहे हे मला ठाऊक आहे. बाबांचंही मत तेच असणार, कारण तो स्कोप त्यांनी हौसेनं आणलाय. तरी मी म्हणते, या खेपेला पीपची, म्हणजे मागच्या बारीक भोकातून नेम धरायची, ने. माझ्या लहानपणी तीच होती म्हणून हे म्हणत नाहीये. कारण वेगळं आहे, आणि ते नीट सांगायचं तर मला १९९१ सालापासून सुरुवात करावी लागेल.

कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला आम्हाला फायरिंगला नेलं. पॉइंट टू टू रायफल, २५ यार्डांची रेंज, प्रत्येकीला पाच गोळ्या. लष्करातून आलेल्या शिकवणाऱ्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांचे शब्द ठरलेले असत: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन. 'दुरुस्त शिस्त' ऐकून मला वाटलं, नीट वागायला सांगताहेत. मी आणखीच ताठ झाले. मग कळलं की शिस्त म्हणजे नेम. आपल्या मराठीतही हा शब्द जुन्या काळी त्याच अर्थानं वापरत, बंदुकीची शिस्त धरत. आणि नळीच्या टोकावरच्या त्या बारीक दाण्याला म्हणत माशी. माझे आजोबा ठासणीच्या बंदुकीबद्दल बोलताना 'माशी' म्हणायचे, तेव्हा मला खरंच वाटायचं की नळीवर माशी येऊन बसते.

पहिल्या दिवशी माझ्या पाच गोळ्या कागदाच्या पाच कोपऱ्यांत गेल्या म्हणालीस तरी चालेल. प्रत्येक गोळीनंतर मी मान वर करून बघत होते, लागली का, कुठे लागली. उस्ताद मागे उभे होते. रागावले नाहीत. शेजारी बसून एवढंच म्हणाले, "बेटा, टिप देखो. टारगेट कहीं भाग नहीं रहा." दुसऱ्या दिवशी मी टारगेट धूसर होऊ दिलं आणि नजर त्या टिपेवर, माशीच्या टोकावर, ठेवली. पाचही गोळ्या माझ्या बांगडीत मावल्या. कागद आणायला गेले तेव्हा बांगडी काढून वर ठेवून पाहिली होती, म्हणून इतक्या खात्रीनं सांगते.

का मावल्या, ते तुला गणितानं पटेल. समज, मागची साइट, म्हणजे पीपचं भोक, आणि पुढची साइट, म्हणजे माशी, यांच्यात अर्धा मीटर अंतर आहे आणि टारगेट २५ मीटरवर आहे. पुढची साइट मागच्या भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर गोळी किती सरकेल? अंतर पन्नास पट, म्हणजे पन्नास मिलिमीटर. पाच सेंटिमीटर! आणि हात हलल्यामुळे सगळी रायफलच तिरकी न होता एक सेंटिमीटर बाजूला सरकली, तर गोळी तेवढीच, एक सेंटिमीटर सरकते. म्हणजे टारगेट किंचित धूसर दिसल्यानं फारसं बिघडत नाही, पण पुढची टिप धूसर झाली की सगळं बिघडतं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो, म्हणून निवड करावी लागते, आणि ती टिपेचीच करायची.

पीपचं मागचं भोक इथे फार मदत करतं. आपला डोळा गोलाचा मध्य आपसूक शोधतो, त्यासाठी वेगळा प्रयत्न लागत नाही. शिवाय बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही थोडं जास्त स्पष्ट दिसतं. चष्मा काढून मुठीच्या फटीतून लांबची पाटी वाचून बघ, तुझ्या नंबरलाही वाचता येईल. तुझ्या रायफलीवर आधी पुढे सोनेरी मणी आणि मागे दुमडणारी खाच होती, ती काढून बाबांनी पीप बसवली ती याचसाठी. त्या खाचेला डावं-उजवं करायचं तर ठोकून सरकवावं लागे. रेंजवर ते कोण करत बसणार?

आता स्कोपबद्दल. त्याला मी वाईट म्हणणार नाही, कारण दोन वर्षांपूर्वी त्यानंच मला तारलं. तुला आठवत असेल, मी मोठ्या तोऱ्यात याच शिबिराला पीप घेऊन गेले होते. माझं वय पन्नास, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. टिप स्पष्ट दिसावी म्हणून हनुवटी वर केली की गाल बटवरून, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावरून, सुटायचा, गाल टेकवला की टिपेचं धुकं व्हायचं. दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले. मग तिथल्या एका स्वयंसेवकानं स्वतःची स्कोपची रायफल माझ्या हातात दिली. स्कोपमध्ये क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, आणि टारगेट एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला दोन्हींतून एक निवडावं लागत नाही. वर सांगितलेली ती पन्नास पटीची चूक तिथे उरतच नाही. ज्याचे डोळे माझ्यासारखे झालेत, त्यानं खुशाल स्कोप लावावा. अमेरिकेतल्या सर्व्हिस, म्हणजे लष्करी धाटणीच्या, रायफलच्या स्पर्धांतही २०१६ पासून साडेचार पटीपर्यंतचा स्कोप चालतो.

पण तुझे डोळे सोळा वर्षांचे आहेत. टिप तुला लख्ख दिसते, मी विचारलंय तुला. आणि तुझी अडचण डोळ्यांची नाहीच. तुझी अडचण तीच आहे जी माझी १९९१ साली होती. तुला लगेच बघायचं असतं. गणिताचा पेपर देऊन गाडीत बसलीस की तू आधी उत्तरं ताडून बघतेस. मागच्या महिन्यात अंगणात रिकाम्या रायफलीवर सराव करताना सुद्धा चाप ओढल्या क्षणी तुझं डोकं वर येत होतं. कसलीही गोळी सुटलेली नसताना! स्कोपमधून २५ मीटरवरची भोकं दिसतात. तुला दिसली की तू त्यांच्या मागे लागशील. एक डावीकडे गेली की पुढची मुद्दाम उजवीकडे मारशील, मग ती जास्त उजवीकडे जाईल, मग स्कोपची बटणं फिरवशील. पीपमधून पॉइंट टू टूचं बारीक भोक तुला दिसणारच नाही. गोळी सुटली त्या क्षणी टिप कुठे होती, एवढंच तुझ्याजवळ उरेल. त्यावरून तुला सांगता आलं पाहिजे की ही वर डावीकडे गेली. शिबिरातले लोक याला शॉट कॉल करणं म्हणतात. हे ज्याला येतं त्याला पुढे कोणतीही साइट चालते. मला ते अजून पुरतं येत नाही, म्हणून तुला या वयात यावं असं फार वाटतं.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या (झोपून मारायच्या प्रकारातल्या) जगज्जेत्या झाल्या, त्या पीपमधूनच. गेल्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तेही पीपमधून. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही, आणि दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, पन्नास मीटरवर. अंतिम फेरीच्या दिवशी आजीच्या शेजारघरात टीव्हीसमोर सगळी आळी जमली होती म्हणे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. आजी अजून ते सांगताना हात जोडते.

एक गोष्ट आधीच ठरवावी लागेल. तुझी पीप आणि तो स्कोप रायफलीवर एकाच जागी, त्याच छिद्रांत बसतात. तिथे जाऊन ऐन वेळी बदलीन म्हणशील तर झिरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, जाईल आणि अर्धा दिवस फुकट. माझी स्कोपची रायफल बाबा स्वतःसाठी आणणार आहेत. रविवारी दुपारी तुला खरंच वाटलं तर तिच्यावर दहा गोळ्या मारून बघ. पण तेव्हा हे लक्षात ठेव: बरेच स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, २५ मीटरवर डोळा जरा बाजूला गेला की क्रॉसहेअर टारगेटवर सरकल्यासारखा दिसतो. म्हणून गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. स्कोप उंच बसतो, त्यामुळे बटवर गालाखाली तो फोमचा तुकडा मी चिकटवलाय, तो काढू नका. आणि पॉवर चारवर ठेव. नऊवर नेलीस तर हाताची थरथर नऊपट दिसेल, आणि एकाच कागदावर तीन-चार टारगेट असतात तेव्हा शेजारचं शोधण्यात वेळ जाईल. क्लिकचं गणित तुला येतंच: २५ यार्डांवर कोनाचं एक मिनिट म्हणजे साधारण पाव इंच, पाव मिनिटाच्या क्लिकनं एक इंच सरकायला सोळा क्लिक.

यंदा शिबिराचा शनिवार आणि १९ एप्रिल एकाच दिवशी आलेत. लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या पहिल्या लढाईला त्या दिवशी बरोबर २५० वर्षं होतील, म्हणून प्रोजेक्ट ॲपलसीडची, म्हणजे तुझं शिबिर घेणारी, मंडळी जेवणाच्या सुट्टीत ती गोष्ट नेहमीपेक्षा जास्त रंगवून सांगतील. डबा खात खात नीट ऐक. तू त्या देशात जन्मलीस, ती तुझीही गोष्ट आहे. सकाळचा पहिला कागद लाल डगलेवाल्यांचा, म्हणजे ब्रिटिश सैनिकांचा, असेल: १००, २००, ३०० आणि ४०० यार्डांवरची माणसं दिसतील अशा मापाच्या चार आकृत्या, प्रत्येकीवर तीन गोळ्या, आणि तेरावी त्या युद्धातल्या अमेरिकन सेनानी डॅनियल मॉर्गनच्या फळीवर. शिकवण्याच्या आधी तू कुठे आहेस एवढंच त्यातून बघतात. चुकलीस तर चुकू दे. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेला ४० गोळ्या, २५० गुण, आणि रायफलमनच्या पट्टीसाठी २१० लागतात. मला १८७ मिळाले होते. तुला किती मिळतात याची मला उत्सुकता आहे, पण मी विचारणार नाही. तू आपणहून सांगशील तेव्हा ऐकेन.

झोपून मारताना चष्मा घसरतो आणि तू काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बघायला लागतेस, तिथे काच बरोबर दाखवत नाही. मागे दोरी बांध, फ्रेम जरा वर चढव. रायफलीचा पट्टा दंडावर घट्ट कर, हात किंचित बधिर झाला तरी चालेल, नाडी ठणकायला लागली तर एक भोक सैल. डोळे मिटून श्वास सोड, मग उघड. टिप टारगेटच्या बाजूला दिसली तर हातानं ओढू नकोस, डाव्या कोपरावर सगळं अंग फिरव. गोळी सुटल्यावर चाप दाबलेलाच ठेव, मनात 'एक' म्हण, मग सोड. डोकं तोवर हलायचं नाही!

बाकी सुरक्षेचं तुला सांगायला नको, तरी आई आहे म्हणून सांगते. हुकूम आल्याशिवाय मॅगझिन लावायचं नाही. साइट टारगेटवर येईपर्यंत बोट चापावर नाही. रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून चेंबरमधला पिवळा झेंडा, कानात बोळे. शेजारचा कुणी चुकत असेल तर मोठ्यानं सांगायला लाजू नकोस, तो कितीही मोठा माणूस असो. घरी आलात की रायफली कपाटात, किल्ली बाबांकडेच.

आणि माझं एक काम कर. बारीक चौकोनांच्या कागदावर पाच-पाच गोळ्या मारायला देतात, तिथे फारशी घाई नसते. चटईशेजारी छोटी वही ठेव. वहीत आधीच चौकोन काढून ठेव, आणि प्रत्येक गोळीनंतर, रायफल खांद्यावरून उतरवून, ती कुठे गेली असं तुला वाटतं तिथे एक टिंब दे. मग सगळे पुढे जातील तेव्हा जा आणि कागदाशी ताडून बघ. शनिवारच्या पहिल्या पाचांचा मला फोटो पाठव, वहीचं पान आणि कागद शेजारी शेजारी ठेवून. इकडे तेव्हा आजीच्या रात्रीच्या जेवणाची वेळ असेल. तिला भरवून होईपर्यंत मी फोन बघणार नाही, पण नंतर लगेच बघेन.

तुझी,
आई