पाळकसाहेब, कव्हर बाकी आहे

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. तुमच्या नगरकडची ख्रिस्ती मंडळी एकमेकांना असाच सलाम करतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. इंदुरात तुमच्या चर्चमध्ये 'जय मसीह की' चालतं, आमच्या रामबागेत नमस्कार, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे 'और भिया'. तुम्हाला तिन्ही जमायचं. त्यातलं चहावाल्याकडचं सगळ्यात अस्सल वाटायचं, हे तुमच्या मंडळीला सांगू नका.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मी मागे उभा होतो. बोलायला उठलो असतो, पण मला आधी एक कबुली द्यायची होती आणि ती हारतुऱ्यांत बसली नसती. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

बाबांना झटका आला तेव्हा वॉर्डात शेजारच्या खाटेवर तुमच्या मंडळीतले एक आजोबा होते. त्यांना भेटायला तुम्ही यायचात. पांढरा शर्ट, गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी, हातात कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी आमच्याकडे वळून विचारलंत, "पेशंटला पोहे चालतात का?" मी तुटकपणे नाही म्हणालो. चालत नव्हतेच, नाकात नळी होती. पण माझ्या त्या 'नाही'चा नळीशी संबंध नव्हता. आमच्या मेव्हण्यांनी सकाळीच कानात सांगितलं होतं, "पादरी येतो म्हणे इथे, जपून राहा." आणि मी, स्वतःला सुशिक्षित म्हणवणारा माणूस, मान वाकडी करून तुमच्या पिशवीत पुस्तकं दिसतात का ते बघत होतो. पिशवीत पोह्यांचा पुडा होता, वेगळी बांधलेली शेव होती आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची पुडी.

दुसऱ्या दिवशी आलात तेव्हा गळ्यात पट्टी नव्हती, साधा चौकड्यांचा शर्ट होता. मला वाटलं, उकाडा फार आहे म्हणून. तसं नव्हतं, हे कळायला मला दोन महिने लागले. तुम्ही त्यावर कधी एक अक्षर काढलं नाहीत, त्यामुळे माफी मागायची सोयही ठेवली नाहीत. ती आज मागतो.

बाबांचा उजवा हात-पाय गेला होता आणि वाचाही. कळत सगळं होतं, शब्द तेवढा निघत नव्हता. डॉक्टर अफेजिया म्हणाले. आम्ही घरचे लोक त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायचो, जणू कानच गेलेत. तुम्ही बोललाच नाहीत. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर बोटांनी भजनी ठेका धरलात आणि अगदी खालच्या पट्टीत विठ्ठलाचा गजर सुरू केलात. बाबांनी उभा जन्म भजनी मंडळात टाळ वाजवलेले. आधी त्यांचा डावा हात चादरीवर हलायला लागला. मग ओठ. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तोंडातून 'ठ्ठल' आलं. 'वि' नव्हता. तो दुसऱ्या दिवशी आला.

आईने तुमच्यासमोर हात जोडले, चमत्कार झाला म्हणाली. तुम्ही केवढे गडबडलात! "वहिनी, माझं यात काही नाही. माझ्या मामांचंही असंच झालं होतं. बोलणं बहुतेकांचं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाण्याला उजवीचाही आधार मिळतो. बोलता न येणाराही कधीकधी गातो." पुढे स्पीच थेरपीच्या बाईंनी तेच सांगितलं, आणि बॉस्टनच्या डॉक्टरांनी 1973 साली यावरूनच सुरावर बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली, हेही. आयता हातात आलेला चमत्कार परत करणारा पाळक मी तरी दुसरा पाहिला नाही.

गजर कुठे शिकलात, असं मी विचारलं तेव्हा तुम्हाला माझीच कीव आली असावी. तुमच्याकडे चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजनं होतात. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग काही सोडला नाही, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. तुम्ही स्वतः लहानपणी गावच्या सप्त्यात पखवाजवाल्याच्या मागे बसून राहायचात आणि आई कान धरून घरी न्यायची. धर्मासाठी नव्हे, जेवण गार होतं म्हणून.

इंदुरात परकं वाटतं का, असं कुणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं. अहिल्याबाईंचं माहेर चौंडी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. त्या सासरी आल्या, त्यांच्या मागोमाग मीही आलो. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं त्या दिवशी तुम्ही आम्हाला पेढे आणून दिलेत, माहेरची बातमी म्हणून.

आणि तुमचा सोमवार! रविवारी उपासना, शनिवारी रात्री उपदेशाची तयारी (लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, शाईच्या पेनने, आणि नंतर तीच पत्रिका हरवायची), मधल्या दिवसांत घरभेटी, आजारी माणसं, लग्नं, दफनं. सोमवार तेवढा तुमचा. सकाळी स्कूटरवर मला मागे बसवून पोहे खायला. साखर निघाल्यावर डॉक्टरांनी जलेबी बंद केली, तर तुम्ही अर्धी खायला लागलात. उरलेली अर्धी माझ्या प्लेटमध्ये सरकवायची आणि घरी काकूंना सांगायचं, "आज जलेबी याने खाल्ली." पाळकाला हे शोभतं का, ते तुमचं तुम्ही बघा. थंडीत गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे, तळायला टाकले की बोलणं अर्ध्यावर सोडून कढईकडे बघत उभे राहायचात. मी पगार, बदली, बाबांची बिलं यांचं रडगाणं गात असायचो. तुम्ही म्हणायचात, "थांब, आता लिंबू पिळतोय." त्या लिंबाने बिल कमी झालं नाही, पण त्या वर्षात मी धड जेवलो तो वार सोमवारच.

दोष सांगायचे तर तेही आहेत. तुम्हाला नावं लक्षात राहत नाहीत. माझ्या धाकट्या मुलाला तुम्ही तीन वर्षं मोठ्याच्या नावाने हाक मारलीत. सहाला येतो म्हणून आठला यायचात. आणि कॅरममध्ये तुम्ही लबाडी करता.

त्याच लबाडीचे खरे आभार मानायचे आहेत. बाबा घरी आले, गायला लागले, पण बोलेनात. गाण्यात शब्द यायचे, पाणी मागायला यायचे नाहीत. तुम्ही सोमवारी संध्याकाळी बोर्ड मांडायचात, बाबा डाव्या हाताने खेळायचे. त्या दिवशी तुम्ही राणी घेतलीत. राणी पक्की करायचा पुढचा नेम चुकला, सोंगटी काठाला लागून परत आली. नियमाने राणी मधे ठेवायला हवी. तुम्ही ती बोटाने हळूच आपल्या ढिगात ओढलीत आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. बाबांचा चेहरा लाल झाला. स्ट्रायकर आपटून ते ओरडले, "कव्हर!"

चाल नाही, ठेका नाही, नुसता शब्द, आणि तोही रागाने. आई ओट्यावर दूध तसंच सोडून धावत आली. दूध उतू गेलं.

ते मुद्दाम केलंत, असं मी काकूंना म्हणालो, तर त्या हसल्या. "मुद्दाम कसलं, ते नेहमी असंच खेळतात." खरं काय ते मला आजही माहीत नाही आणि तुम्ही सांगणार नाही.

बाबा आता तुटक का होईना, बोलतात. तुमची बदली झाल्याचं सांगितलं तेव्हा "कुठे?" म्हणाले, मग बराच वेळ गप्प. काल त्यांनी डबी काढून सोंगट्या मोजल्या. 18 भरल्या. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या. राणी सापडत नाही. तुमच्या सामानात आली असेल तर राहू द्या तुमच्याकडेच, पण बाबांनी निरोप द्यायला सांगितलाय, कव्हर बाकी आहे.

तुमचा,
रामबागेतला, अर्ध्या जलेबीवाला